हळदीचा उजेड

ही गोष्ट अजून घडायची आहे. पण ती घडेल तेव्हाही सांगलीत हळद असेल आणि सासरे सुनांना दटावत असतील, म्हणून आधीच सांगून टाकायला हरकत नाही.

त्रिशला संध्याकाळी घरात पाऊल टाकायची, चपला काढायची आणि तिनं तोंड उघडण्याच्या आत सासरे तिचा सगळा दिवस तिला सांगून मोकळे व्हायचे.

“आज जेल केलंस,” भूपाल चौगुले खुर्चीतून मान न वळवता म्हणायचे. “उग्र वास मारायलाय. येताना भडंग घेतलीस. आणि डबा उघडला न्हाईस.”

“बंद डब्याचा वास कसा येईल, मामा?”

“न्हाई येत, म्हणून तर कळतंय. जेवली असतीस तर हाताला मेथी लागली असती की.”

त्या भागातल्या रीतीप्रमाणे ती सासऱ्यांना मामा म्हणायची. नवरा सुकुमार सहा वर्षांपूर्वी आजारानं गेला. मूलबाळ नव्हतं. आता ही निपाणीला माहेरी जाणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दुखवट्याचे दिवस संपल्यावर मामांनी सकाळी दोन कप चहा केला, एक तिच्यापुढं ठेवला आणि विचारलं, “दूध सांगायचं ते दोघांचं सांगू न्हवं?” तिनं मान हलवली. त्या विषयावर दोघांत झालेलं बोलणं ते एवढंच, आणि तेवढं दोघांना पुरलं.

मामा बाजारात पन्नास वर्षं हळदीचे पारखी होते. तोवर सौद्यात यंत्रं आली होती. ती हळकुंडाचा रंग, ओल, सगळं मोजून पडद्यावर टाकत. पण यंत्र हळद कशी आहे ते सांगायचं, मामा ती कुठली आहे ते सांगायचे. हळकुंड कट्‌कन मोडायचं, नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे, आणि मग ही कुठल्या गावची, उन्हात वाळली की भट्टीत, गोदामातली की हरिपूरच्या जुन्या पेवातली. पेव म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार. तरुणपणी मामा त्यात उतरून गळ्यापर्यंत हळदीत उभे राहिले होते आणि मानेवर पोती वाहिली होती. त्यांच्या सगळ्या टोप्यांच्या कडा संध्याकाळपर्यंत पिवळ्या होत.

त्रिशलाचं काम याच्या अगदी उलट, सगळं डोळ्यांचं. ती शहरातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत रंग आणि जेल निवडायची. ऐकायला हे साडीच्या दुकानातलं काम वाटतं, आणि मामा चारचौघांत ते तसंच सांगायचेही.

कंपवात हात थरथरायला लागल्यावर कळतो, आणि तोवर मेंदूतल्या कितीतरी पेशी मरून गेलेल्या असतात. पण त्याच्या बरीच वर्षं आधी एका प्रथिनाच्या बारीक गुठळ्या कातडीतल्या मज्जातंतूंमध्ये दिसू लागतात. त्या इतक्या लहान की साध्या सूक्ष्मदर्शकाला त्यांचा पत्ता लागत नाही. यावर उपाय निघाला तो गमतीचा होता. सूक्ष्मदर्शक मोठा करण्याऐवजी कातडीच मोठी करायची. मानेमागून मसुराएवढा तुकडा घ्यायचा, त्याचे पातळ काप करायचे, काप जेलमध्ये घट्ट बसवायचे. बाळाच्या डायपरमध्ये पाणी पिऊन फुगणारा पदार्थ असतो, त्याच जातीचं हे जेल. कातडीतलं प्रत्येक प्रथिन जेलच्या जाळीला बांधून टाकायचं आणि मग पाणी पाजायचं. फुग्यावर पेनानं लिहिलेलं नाव फुगा फुगवला की मोठं होतं, तसं सगळं वीसपट फुगतं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. हातात घेतलं तर ते खरवसासारखं थरथरतं.

फुगवल्यावर त्यात रंग घालायचे. फ्लुरोसंट रंग एका रंगाचा प्रकाश पितो आणि दुसऱ्या रंगाचा सोडतो. तो त्या गुठळ्यांनाच जाऊन चिकटेल अशी सोय केलेली असते, म्हणजे अंधारात जिथं उजेड दिसेल तिथं गुठळी. पण लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून वीसपट फुगवलं म्हणजे सगळं आठ हजार पट विरळ झालं. एवढ्या विरळ जागी दिसायचा तर रंग फार तेजस्वी हवा. त्रिशलानं चार महिने खपून एक हिरवा रंग निवडला होता. त्या कामाचं कौतुक झालं होतं आणि तिला त्याचा अभिमानही होता.

त्या वर्षी कंपवातावर इंजेक्शन आलं. हात थरथरायच्या आधी घेतलं तर हात कधीच थरथरणार नाहीत, अशी त्याची ख्याती. त्याची एकच खोट होती. ज्यानं घेतलं त्याचा वास कायमचा जायचा. पुढच्या महिन्यापासून ते जिल्ह्यात मिळणार होतं. बहुतेक लोक म्हणत, हातांपुढं नाकाचं काय एवढं? असे लोक मामांना भेटले नव्हते.

बाजारात पासष्टच्या पुढच्यांसाठी तपासणी शिबिर लागलं, तेव्हा मामांना त्रिशलानंच ओढून नेलं. साठ जणांनी माना पुढं केल्या. हिरवे ठिपके ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रानं साठातल्या एकोणीस जणांवर लाल खूण केली, म्हणजे रोग आहे. एवढं प्रमाण कुठल्याच तालुक्यात नव्हतं.

“इथल्या पाण्यात काहीतरी असेल,” प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर दिवाण म्हणाल्या.

त्रिशलाचं लक्ष पाण्याकडं नव्हतं. एकोणिसातला अकरावा नंबर मामांचा होता. पडद्यावर मामांच्या मानेतला मज्जातंतू दोरीसारखा लांब पसरला होता आणि त्यावर हिरवे ठिपके लुकलुकत होते. तिनं नंबर पुन्हा तपासला. तो हिरवा तिनंच निवडला होता, तो खोटं बोलत नाही हे तिनंच सगळ्यांना पटवून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मामांनी तिचा दिवस तिला सांगितला नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाले, “घाबरलीस कशाला तरी. घामाचा वास येगळा येतोय.”

“उकडतंय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तिची जुनी सवय बाहेर काढली. पूर्वी प्रत्येक तपासणीत एक काप कोरा ठेवायचे, बिनरंगाचा. काही न घालता तो किती अंधारा आहे हे बघायचं, म्हणजे रंगाच्या उजेडाची खात्री पटते. नवीन यंत्र आल्यावर कोरा काप बंद झाला, कारण यंत्राला त्याची गरज नव्हती. तिनं मामांचा एक उरलेला काप घेतला, जेलमध्ये फुगवला आणि कुठलाही रंग न घालता निळ्या प्रकाशाखाली धरला.

काप चमकत होता. ठिपक्याठिपक्यांनी, हिरवट पिवळा.

ती खुर्चीत मागं रेलली आणि एकटीच हसली. हा उजेड तिच्या रंगाचा नव्हता. हा हळदीचा उजेड होता. हळदीतलं पिवळं द्रव्य स्वतःच फ्लुरोसंट असतं, हे ती कॉलेजात शिकली होती. ज्यानं यंत्राला शिकवलं त्याच्या देशात कुणी गळ्यापर्यंत हळदीत उभं राहत नसणार, आणि जी लग्नापासून हळदीच्या घरात राहिली तिच्याही हे लक्षात आलं नाही. तिनं कपाळाला हात लावला. पण जीव भांड्यात पडला होता.

पण पुरता नाही. हळद चमकते म्हणजे गुठळ्या नाहीत, असं थोडंच आहे? हळदीच्या गर्दीत खऱ्या गुठळ्याही लपल्या असतील. मग तिनं गडद तांबडा रंग काढला. हळद त्या रंगात चमकत नाही. दोन दिवसांनी तो घातलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सगळा काळोख. एकही ठिपका नाही.

तिला तो काळोख फार आवडला. अहवालाच्या रकान्यात ‘नाही’ लिहून सही करायला पाच सेकंद लागली असती. तिनं पेन उचललंही. मग तिला कुठूनशी अवदसा आठवली आणि तिनं कंपवाताचं निदान आधीच पक्कं झालेल्या, हळदीशी संबंध नसलेल्या एका पेशंटचा काप त्याच तांबड्या रंगात बुडवला. तिथंही काळोख. तो रंग एवढ्या विरळ जागी दिसतच नव्हता. तिचा काळोख ‘नाही’ म्हणत नव्हता, तो काहीच म्हणत नव्हता. तिनं पेन खाली ठेवलं आणि स्वतःवर फार चिडली.

म्हणजे रंग हिरवाच हवा आणि हळद जायला हवी. तिनं तीन प्रकारच्या द्रावणांनी धुऊन बघितलं. दोन वेळा हळद तशीच राहिली आणि तिसऱ्या वेळी जेल विरघळून गेलं. अहवाल द्यायला चार दिवस उरले. तिनं हात टेकले.

सकाळी चहाच्या वेळी मामांनी कप खाली ठेवला. “आता सांगतीस का मी विचारू?”

तिनं सगळं सांगितलं. लाल खूण, इंजेक्शन, नाक, हळद. मामांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, “म्हंजे रोग हाय का न्हाई, ते हळद बघू दिना झालीया?”

“हो.”

“आणि तू ती धुवायलीस.”

“तीन प्रकारे धुतली.”

मामा उठले. त्यांनी आपली कालची टोपी बादलीतून काढून पिळली. साबणानं धुऊनही तिची कड पिवळीच होती. ती त्यांनी अंगणातल्या दोरीवर घातली आणि चिमटा लावला.

“तुझ्या सासूनं चाळीस वर्सं माझ्या टोप्या धुतल्या,” ते म्हणाले. “हळदीचा डाग धुऊन जातोय व्हय? उन्हात टाकावा लागतोय. दोन उन्हं खाल्ली की पांढरी फटक. तुला एवढं शिकून ठावं न्हाई?”

त्रिशला त्या टोपीकडं बघत राहिली. तिला ठाऊक होतं. प्रत्येक बाईला ठाऊक असतं. हळदीचा रंग प्रकाशात मोडतो, हे तिनं स्वतःच्या साड्यांवर शंभरदा पाहिलं होतं, पण प्रयोगशाळेत जाताना ते ज्ञान ती चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवत आली होती. तिनं मामांच्या पायांना हात लावला आणि चहा अर्धा टाकून पळाली.

“डबा!” मामा मागून ओरडले.

डॉक्टर दिवाणांनी आधी डोळे विस्फारले. मग कोरे काप बघितले, सातआठ जणांचे, आणि गच्चीची किल्ली काढून दिली. एकोणीसही जणांचे काप हिरवा रंग घालण्याआधीच उन्हात ठेवायचे ठरले, कारण ऊन रंगालाही सोडत नाही. त्यांच्याशेजारी निदान पक्क्या झालेल्या पेशंटचा काप, म्हणजे उन्हानं खऱ्या गुठळ्या जातात का तेही कळेल. जेल सुकलं तर सगळं फुकट, म्हणून काचेच्या ताटल्या, वर पाणी, त्यावर काचेचं झाकण. तासातासाला पाणी बदलायचं.

हे कोण करणार, असा प्रश्न निघाला. मामा दहा वाजता छत्री, पाण्याची कळशी आणि घडीची खुर्ची घेऊन गच्चीवर हजर झाले.

“आयुष्यभर हळदच वाळवलीया,” त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. “तुम्ही खाली जावा. ऊन लागंल.”

दोन दिवस ते वीस ताटल्यांची राखण करत बसले. कावळा कठड्यावर आला की छत्री उगारायचे. तासाला कळशीतलं पाणी थेंबथेंब सोडायचे आणि त्यांचे हात तेव्हा अगदी स्थिर असत. त्रिशला पाणी घेऊन वर यायची आणि त्यांच्या हातांकडंच बघायची.

“ह्यातली माझी कुठली?” त्यांनी एकदा विचारलं.

“ते सांगायचं नसतं.”

“अकरावी असणार. तू तिथंच जास्त वेळ थांबतीस.”

तिसऱ्या दिवशी तिनं हिरवा रंग घातला. चौथ्या दिवशी सकाळी ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. आधी पक्क्या पेशंटचा काप. गुठळ्या जागच्या जागी होत्या, म्हणजे उन्हानं त्यांना काही केलं नव्हतं. मग एकेक नंबर. पहिला स्वच्छ. दुसऱ्यात गुठळ्या. सहावा स्वच्छ, तो बाजारातले हळदीचे व्यापारी पायगोंडा आण्णा यांचा. ते आणि मामा चाळीस वर्षं एकमेकांशी भांडत आले होते. एकोणिसातल्या सात जणांच्या कातडीत हळदीशिवाय काहीच नव्हतं.

अकरावा तिनं शेवटी ठेवला होता. हळद गेली होती. मज्जातंतूची लांब काळी दोरी, आणि तिच्यावर तीन ठिपके. हिरवे, गोल, खरे. तिनं काप हलवून दुसरीकडून बघितला. तिथंही तीनच होते. तिनं रकान्यात ‘आहे’ लिहिलं, सही केली आणि मग स्वच्छतागृहात जाऊन दार लावून रडली.

घरी आली तेव्हा मामा दारातच उभे होते. त्यांनी वास घेतला.

“खरं हाय म्हण की,” ते म्हणाले.

“तीनच ठिपके आहेत, मामा. फार लवकर सापडलंय. घेतलं तर हात कधीच...”

मामा खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले.

“बाकीच्यांचं काय?”

“सात जणांना काही नाही. नुसती हळद. पायगोंडा आण्णापण त्यातच.”

“त्याचं नाक वाचलं?” मामा एकदम हसले. “आयला, त्याला कवा धड वास येत होता! बरं, सातांचं नाक माझ्या टोपीनं वाचवलं, हे त्याला मी सांगणार. तू न्हाई.”

“तुम्ही घ्यायचंच असं नाही,” त्रिशला म्हणाली. हे वाक्य तिनं रस्ताभर पाठ केलं होतं. “नाक तुमचं आहे. मी काही म्हणणार नाही.”

“म्हणू नकोस, पण ऐक. माझी आई अशीच गेली. शेवटची सात वर्सं मी तिला भरवलं. भरवायला माझं काय जात नव्हतं, पण घास तोंडात घेताना ती माझ्याकडं बघायची, ते मला आजून दिसतंय.” ते थांबले. “तुला मी तसलं काय करायला लावणार न्हाई. नाक जाऊ दे. तारीख कवाची?”

“पंधरा दिवसांनी.”

“मग लई वेळ हाय. उद्यापासनं माझ्यासंगं बाजारात यायचं.”

तिनं पंधरा दिवस रजा टाकली. मामा रोज तिच्यापुढं हळकुंडं मोडायचे. डोळे मीट, सांग. ती सांगायची, “हळदीचा वास येतोय.” मामा कपाळ बडवायचे. मग हळूहळू तिला एका हळदीत ओली माती सापडली, एकीत धूर, एकीत भिजलेल्या गोणपाटाचा कुबट वास. चार महिने हिरव्याच्या नऊ छटा वेगळ्या करणाऱ्या बाईला एवढं तर जमायलाच हवं होतं. दुपारी मामा तिला घरात फिरवायचे. सुकुमारच्या शाळेच्या पेटीचं झाकण उघडून दोघं उभी राहिली. आत जुना कागद, गंजलेला कंपास आणि थोडं खोबरेल. मामांनी वाकून फार लांब श्वास घेतला, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून ती नुसती उभी राहिली. त्या पेटीबद्दल त्यांनी तिला काही शिकवलं नाही.

ठरल्या दिवशी इंजेक्शन झालं. आठवड्यानं वास गेला. दुसऱ्या दिवशी मामा आमटीत काहीच नाही म्हणून तिच्यावर खेकसले, तिसऱ्या दिवशी पारखीला निघाले. ती बरोबर.

सौद्यात त्यांनी ढिगातून हळकुंड उचललं. कट्‌कन मोडलं. बोटांना जराही कंप नव्हता. अर्धं तिच्या हातात दिलं. तिनं डोळे मिटले.

“पेवातली आहे,” ती म्हणाली. “खालच्या थरातली. पण वाळवताना मध्येच पाऊस लागलाय.”

“पेवातली,” मामांनी मोठ्यांदा जाहीर केलं. “खालचा थर. पाऊस खाल्लेला.”

“भूपालराव,” पायगोंडा आण्णा ओरडले, “तुम्ही वास घेतलाच न्हाई!”

“घेतला की. माझं नाक हिच्याकडं ठिवलंय. तुझं हाय ते कुणामुळं, ते इच्यार आधी.”

पायगोंडा आण्णा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. माल त्यांचाच होता आणि पाऊसही खरा लागला होता.

पुढं त्या भागातल्या सगळ्या प्रयोगशाळांत कोरा काप परत आला आणि हळदीच्या पट्ट्यात दोन दिवसांच्या उन्हाची पायरी पक्की झाली. त्रिशला कामावर रुजू झाली. रविवारी बाजार, बाकीचे दिवस जेल.

एका सोमवारी ती संध्याकाळी घरी आली. दिवसभर नव्या जेलच्या मागं होती. चपला काढून ती क्षणभर दारात थांबली, आणि थांबल्याचं तिला स्वतःलाच वाईट वाटलं. खुर्चीतून कुणी काही म्हणालं नाही. मामांनी सवयीनं मान वर केली, नाक ओढलं आणि पुन्हा खाली बघितलं.

ती मुकाट्यानं आत निघाली तेव्हा त्यांनी हात पुढं केला. “पिशवी दे हिकडं.”

तिनं दिली. मामांनी तिच्यातून डबा काढला. उजव्या तळहातावर ठेवला, जरा वरखाली केला. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता.

“उघडला न्हाईस,” ते म्हणाले. “चार चपात्या हाईत तशाच. चल, हात धू. दोघं मिळून खाऊ.”